मोठी गेली म्हणे

३ नोव्हेंबर

बारके,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघून न बघितल्यासारखं करतेस. म्हटलं आता पत्रच लिहू. पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलं नाही, नाहीतर न फोडताच टाकलं असतंस. फोडलंस ना? आता मुकाट्याने वाच. आई तुला ‘मला तू मेलीस’ म्हणाली आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले, हे तुझं गाऱ्हाणं मला तोंडपाठ आहे. त्यावर आपण सवड काढून भांडू.

मी अजून तेच काम करते. म्हाताऱ्या-आजारी माणसांना घरी येऊन सांभाळणाऱ्या सेवा असतात ना, त्या नीट चालतात का, माणूस त्यांच्या हातात सुखरूप आहे का, ते बघायचं. लोक आधी चहाचं विचारतात. मी सरळ पलंगाकडे जाते, पांघरूण उचलते आणि टाचा बघते. टाच लाल दिसली की समजायचं, या माणसाला कुशीवर वळवत नाहीत. मग पाठ, नखं, फ्रिज, मग उशीखाली हात, कारण गोळी गिळल्याचं सोंग करून ती तिथे लपवण्यात ही मंडळी पटाईत असतात. शेवटी सगळ्यांना खोलीबाहेर काढायचं आणि त्या माणसाला विचारायचं, तुमची काळजी कोण घेतं?

परवा एका टेलरकाकांकडे गेले होते. बायको जाऊन बराच काळ झाला, पण ते काकांच्या लक्षात नाही. जेवायला उठत नाहीत. त्यांना सांभाळायला येणारी मावशी बायको असल्यापासून त्या घरात. जेवायची वेळ झाली तशी ती स्वयंपाकघरात गेली, दाराआड उभी राहिली आणि वेगळ्याच, दमलेल्या आवाजात म्हणाली, “अहो, गार होतंय.” काका ताडकन उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि निमूट येऊन जेवले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नंतर एकटे असताना विचारलं, काळजी कोण घेतं? म्हणाले, “कोण म्हणजे काय? बायको आहे ना.”

मी अहवालात स्पष्ट लिहिलं, ही फसवणूक आहे. मेलेल्या माणसाचं सोंग आणून जिवंत माणसाला भरवणं सुरक्षित नाही, आणि असं करणाऱ्याला कामावर ठेवू नये. साहेबांनी त्याचा नियमच करून टाकला. मावशीला काढलं. जाताना तिने माझा असा उद्धार केला की जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता. “तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही वाटतं!” असंही म्हणाली.

आई बरी आहे. जेवते. तुझी आठवण काढते, तुला आवडो न आवडो.

ताई


२१ नोव्हेंबर

बारके,

तुझं कार्ड मिळालं. “मला यात ओढू नकोस.” एवढंच. बाईसाहेबांची शाई संपली की काय? अक्षर मात्र अजून तसंच, कोंबडीच्या पायाचं.

कशात ओढते आहे मी तुला? मी तर माझ्या कामाच्या गप्पा मारत होते. घे, आणखी मारते.

टेलरकाकांकडे पुन्हा जाऊन आले. नवा माणूस ठेवला आहे, रीतसर शिकलेला. बोट ठेवायला जागा नाही. टाचा गुलाबी, पाठ कोरडी, गोळ्या वेळेवर, वजनही ठीक. घर असं लख्ख की मला उगाच माझे बूट लपवावेसे वाटले. मी खूश झाले. नव्या माणसाला बाहेर पाठवलं आणि काकांजवळ खुर्ची ओढली. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“आलात, बरं केलंत,” म्हणाले. “आज सकाळीच गेली ती.”

मला काही कळेना. मग कळलं. ते रोज सकाळी बायकोला हाक मारतात, आणि नवा माणूस रोज त्यांना खरं सांगतो, कारण मावशीच्या प्रकारानंतर आम्ही त्याला तसं बजावलं आहे. त्यांच्यासाठी ती रोज सकाळी नव्याने मरते. मी भेटायला आलेली नातेवाईक आहे असं त्यांना वाटत होतं. “इतक्या लांबून आलात,” असं पुन्हापुन्हा म्हणत होते. माझ्या कोटाची बाही चाचपून “शिलाई उसवलीय, ठेवून जा, मी घालून देतो,” म्हणाले. मी प्रश्न विचारलाच नाही. अहवालात ‘सेवा उत्तम’ असं लिहिलं, आणि ते खोटं नाही. पण तेव्हापासून तो हात माझ्या बाहीवरून जात नाही गं. भांडी घासताना, जिना चढताना, कुणीतरी शिलाई चाचपतंय असं वाटतं.

आई हल्ली तुझ्याच हातून घास घेते. म्हणजे तुझं नाव काढलं की घेते. तसं.

ताई


९ डिसेंबर

बारके,

आता मी लपवाछपवी करून दमले. ऐक. आई बारकीच्या हातून जेवते, आणि ती बारकी मी आहे.

कसं झालं ते सांगते. शिव्या नंतर घाल.

उन्हाळ्यापासून तिचं विसरणं फार वाढलं. दिवसा सेवेची बाई येते, बाकी सगळं मी बघते. सकाळी तिच्या खोलीत गेले की हात आपोआप पांघरुणाकडे जायचा. टाचा, पाठ, नखं, उशीखालची गोळी. मगच मी तिच्या तोंडाकडे बघायची. आईला वाटायला लागलं, ही कुठल्यातरी ऑफिसातून तपासायला येणारी बाई आहे. मला ‘अहो बाई’ म्हणायला लागली. मी आले की केस सारखे करून नीट बसायची. मला हसू यायचं. एकदा म्हणाली, “तुमचं काम चोख आहे हो बाई, पण हात फार गार.” मी ते ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलंही होतं.

मग एके दिवशी तिने विचारलं, “अहो बाई, माझी मोठी मुलगी हल्ली दिसत नाही. ती गेली का हो?”

आता आमच्याकडे एक शिकवण आहे, त्या नियमाच्या आधीपासूनची. गोंधळलेल्या माणसाने असं काही विचारलं तर वाद घालायचा नाही. एकदम हो म्हणायचं नाही, एकदम नाही म्हणायचं नाही. आवाज मऊ ठेवायचा आणि उलट विचारायचं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ नव्या लोकांना हे मीच शिकवते. माझ्या तोंडून तेच निघालं. माझ्या सख्ख्या आईला, अगदी मऊ आवाजात. तुम्हाला काय वाटतं?

आईने माझा चेहरा निरखला. मग मान हलवून म्हणाली, “कळलं. तुम्हाला सांगायला जड जातंय.” आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

तेव्हाच मी तिला गदागदा हलवून ‘अगं ही काय मी’ असं म्हणायला हवं होतं. सुचलं नाही असं नाही. पण ती माझ्यासाठी रडत होती, बारके. आपल्या घरात सगळी रडारड तुझ्यासाठी व्हायची. तू आजारी, तू नापास, तू निघून गेलीस. माझ्यासाठी कुणाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि बघत राहिले. मला बरं वाटत होतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकणार नाही.

त्यानंतर तिने तोंड मिटून घेतलं. चमचा नेला की मान फिरवायची. आणि मध्येच हाका, बारके, बारके. दुसऱ्या दिवशी मी चष्मा काढला, केस मोकळे सोडले आणि तुझ्यासारखं भरभर बोलत आत गेले. “काय गं आऊ?” म्हटलं. ‘आऊ’ फक्त तू म्हणायचीस.

तिने माझं तोंड ओंजळीत धरलं आणि तुझी माफी मागितली. नको नको ते बोलले तुला, माझी जीभ झडो, म्हणाली. तुला इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते सगळं मी ऐकलं. मग ती वाटीभर मऊ भात जेवली.

तेव्हापासून मी तू आहे. आणि आई रोज तिच्या बारकीला जवळ घेऊन सांगते, “तुला सांगायचं राहिलं बघ. तुझी ताई गेली.” मग बारकीने रडायचं असतं. पहिल्यांदा मी सोंग केलं. आता आपोआप येतं.

दारातली मोठीची चप्पल बघवत नाही म्हणाली, म्हणून मी माझी चप्पल कपाटात ठेवते. माझा कप, माझा टॉवेल, कोट, सगळं एकेक करून बाहेरच्या खोलीतल्या पेटीत गेलं. काल भिंतीवरचा माझा फोटो काढायला लावला. मीच काढला, स्टुलावर चढून. घरभर फिरले तरी आता माझं काही दिसत नाही. कधीकधी मी आरशासमोरून जाते आणि दचकते, ही कोण म्हणून.

ताई


२० डिसेंबर

बारके,

आमच्या ऑफिसात एक आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, कारण कपाळावर चढवलेला चष्मा ऑफिसभर शोधते. स्वतःच्या घरची सेवा आम्हाला तपासता येत नाही, त्यामुळे आपल्या आईला बघायला ती आली. माझ्याच हाताखाली शिकलेली. आल्या आल्या पांघरूण उचलून टाचा बघितल्या. मला इतका अभिमान वाटला, काय सांगू. टाचा छान, पाठ छान, वजन जेमतेम पण चालण्यासारखं.

मग मला खोलीबाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराच्या या बाजूला उभी होते. आतून आईचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता आणि डोळे ओले. म्हणाली, “त्यांची काळजी बारकी घेते म्हणतात. आणि मोठी...”

“मोठी गेली म्हणे,” मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली. नियम तिला माहीत होता. टेलरकाकांच्या घरी तो कुणामुळे झाला तेही माहीत होतं. “ताई, मी हे न लिहून कशी राहू? तुमच्याच अहवालावरून झालाय नियम,” म्हणाली. मी तिला लिही म्हटलं. न लिहिती तर मीच तिला झापलं असतं.

ठरलं ते असं. सोंग बंद. महिन्याभराने ती पुन्हा वजन करायला येणार. आई जेवली नाही, वजन उतरलं, तर तिला घरी ठेवणं सुरक्षित नाही, संस्थेत हलवायचं. ती संस्था मी बघितली आहे. पलंगांची रांग, पुसलेल्या फरश्या, सगळं जिथल्या तिथे. तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही. पास मीच केलं आहे तिला.

तू ये. आता मात्र मी तुला ओढतेच आहे. खरी बारकी आली तर कसलं सोंग आणि कसला नियम? तू नुसती आत जा, आऊ म्हण आणि चमचा धर.

ताई


२ जानेवारी

बारके,

आली नाहीसच. बरं.

मी तिला खरं सांगितलं. सोंग बंद करायचं म्हणजे हेच करावं लागणार होतं. दुपारची वेळ निवडली, खोलीत भरपूर उजेड असताना. केस बांधले, चष्मा लावला, कपाटातून काढून चप्पल घातली. आत गेले आणि पांघरुणाला हात न लावता म्हटलं, “आई, मी मोठी.”

तिने वर पाहिलं आणि ओळखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मला मी म्हणून ओळखलं. क्षणभर मला वाटलं, जिंकलं आपण.

“तू गेलीस ना गं?” आई म्हणाली.

“नाही गं, मी कुठे जाते?”

ती सरकत सरकत भिंतीला चिकटली. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. “परत कशाला आलीस? काय राहिलं तुझं? मी रडले की तुझ्यासाठी, पोटभर रडले,” म्हणत होती. मी हात पुढे केला तशी किंचाळली. आणि मग ओरडायला लागली, “बारके, धाव गं, ताई आलीय! बारके!”

तुला हाका मारत होती. ओ द्यायची कुणी? मी दोघींच्या वाटची तिथे एकटी उभी होते. शेवटी सेवेची बाई धावत आली आणि तिने मला खोलीबाहेर ढकललं. चुकलं नाही तिचं. माणूस घाबरला असेल तर ज्याला घाबरला त्याला आधी बाहेर काढायचं, हे मीच शिकवलं आहे.

संध्याकाळी मी नियम मोडला. केस सोडून, भरभर बोलत, आऊ म्हणत गेले. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “तू पण तीच आहेस.”

तेव्हापासून जेवण बंद आहे. बाईच्या हातून दोन चमचे दूध जातं, तेही वाहून जातं ओठाच्या कोपऱ्यातून. मी दारातून दिसले तरी पांघरुणात तोंड घालते. मी माझ्याच घरात भिंतीच्या कडेकडेने चालते, पाय न वाजवता, तिला चाहूल लागू नये म्हणून. आणि जितकी हळू चालते तितकी ती जास्त घाबरते.

चष्मेवाली यायला आता फार दिवस नाहीत. बारके, पाया पडते. ये.

ताई


१९ जानेवारी

बारके,

आईला घरी ठेवायला हरकत नाही. काल चष्मेवाली वजन करून गेली. थोडं उतरलं होतं, पण सावरतंय म्हणाली. आई जेवायला लागली आहे. कशी, ते तिने विचारलं नाही. विचारती तरी नियमात बसतं. मी कुणाचंही सोंग घेत नाही. मोठी आहे आणि मोठी म्हणूनच आत जाते.

गेल्या आठवड्यात एका दुपारी सेवेची बाई औषधं आणायला गेली होती. मी भाताची वाटी घेऊन दारात उभी होते. आत जायचं धाडस नव्हतं आणि मागे फिरायचं त्राणही नव्हतं. मीही धड जेवले नव्हते. आई माझ्याकडे बघत होती. किंचाळली नाही. घाबरून घाबरून तीही दमली असावी.

“तीच का तू?” तिने विचारलं.

“हो.”

“मोठी?”

“हो, आई.”

तिने मग पलंगावर हात आपटून जागा दाखवली. “ये मग. बस. जिवंतपणी कधी टेकली नाहीस, मेल्यावर तरी बस जरा.”

मी बसले. पांघरूण उचललं नाही, टाचा बघितल्या नाहीत. तिने माझं मनगट धरून बघितलं, गालावरून हात फिरवला. “वाळलीस गं. तिकडे जेवायला घालत नाहीत का?” म्हणाली. तिने माझ्या हातातली वाटी घेतली. अर्धा भात पांघरुणावर सांडला. पण चमचा माझ्या तोंडापर्यंत आणलाच. “आ कर,” म्हणाली.

तिने मला भरवलं, बारके. मला आठवत नाही याआधी कधी भरवलं असेल. मी खाल्लं. मग तिचा हात दुखायला लागला, तेव्हा चमचा मी घेतला, आणि तिने तोंड उघडलं. एक घास तिला, एक मला. असं आता रोज चालतं. मी जेवले नाही तर ती जेवत नाही. मेलेल्या लेकीला उपाशी ठेववत नाही तिला.

बोलतेही. आम्ही दोघी आयुष्यात बोललो नाही इतकं बोलते. तुझ्यावर फार भार टाकला मी, म्हणते. तुला परगावी शिकायला जायचं होतं, मी अडवलं, ते मला डाचतं, म्हणते. हे सगळं मी गेले म्हणून मला मिळतंय. मी असते तर तिने तोंडातून काढलं नसतं. मी “राहू दे आई” म्हणते, आणि ती माझा हात कुरवाळते. गार आहे म्हणते, पण आता सोडत नाही.

काल जेवण झाल्यावर तिने मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, “बारकीला कळू देऊ नकोस हं, तू येतेस ते. भित्री आहे ती. ती आली की तू जा.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आईला घरी ठेवायचं तर मला मेलेलंच राहायला हवं, आणि मी राहीन. ती आहे तोवर राहीन.

पण तू ये. आईसाठी येऊ नकोस, ती जेवतेय. माझ्यासाठी ये. जिन्यातूनच मला ताई म्हणून हाक मार, चांगली खणखणीत. आईला ऐकू गेलं तर जाऊ दे. उजाडल्यापासून झोपेपर्यंत मी या घरात मेलेली असते गं, आणि मला फार भीती वाटते.